सागरातील स्पंज आणि कर्करोगाचे औषध



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासाचा विषय घेण्यास सुचविले, तेव्हा मी कामगार चळवळीचा इतिहास सांगेन अशी त्यांची समजूत असावी. मी कळविलेला विषय वाचून ते काहीसे चकित झाले. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारा स्पंज आणि त्याच्यापासून सुरू झालेला कर्करोगावरील औषधांचा शोध, हा तो विषय होय. मुंबईचा समुद्र आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. मी तर दहावीनंतर शाळेची पायरी न चढलेला, लेथवर उमेदवारी केलेला आणि पुढे संघटनेच्या कामात पडलेला माणूस. तेव्हा या विषयावर बोलण्याचा तुझा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर ते रास्तच ठरेल. माझा अधिकार एवढाच, की मला एकाने एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतील एका कंत्राटी कामगाराच्या नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. रोग वेगाने वाढणाऱ्या जातीचा होता. एका संध्याकाळी मी त्या गृहस्थांबरोबर वॉर्डात बसलो होतो. परिचारिकेने सलाईनची बाटली टांगली, एका लहान कुपीतील औषध तीत सोडले आणि ती निघून गेली. रिकाम्या कुपीवरचे नाव मी वाचले : सायटॅराबीन. थेंब पडू लागले. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ म्हणाले, "भाऊ, हे कशापासून बनवतेत हो?"

मी भाषणे करणारा माणूस, पण त्या वेळी गप्प बसलो. पुढे वाचनालयातून पुस्तके आणली. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांचे उंबरठे झिजविले. जे कळले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम स्पंज म्हणजे काय ते पाहू. स्नानाचा किंवा पाटी पुसण्याचा जो स्पंज आपण जाणतो, तो आता बहुधा कारखान्यात बनतो. परंतु त्याला ते नाव मिळाले ते समुद्रातील एका प्राण्यावरून. हा प्राणी आहे की वनस्पती, याविषयी विद्वानांत शतकानुशतके वाद होता. १७६५ मध्ये जॉन एलिस या इंग्रज निरीक्षकाने त्याच्या छिद्रांतून पाण्याचे प्रवाह वाहताना पाहिले, आणि १८२५ च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट याने तो प्राणीच असल्याचे दाखवून दिले. त्याला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. अंगभर बारीक छिद्रे. त्यांतून पाणी आत घ्यायचे, त्यातील सूक्ष्म अन्न गाळून ठेवायचे आणि पाणी बाहेर टाकायचे, हाच त्याचा दिवसरात्रीचा उद्योग. आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो एका दिवसात उपसतो. पृथ्वीवर त्याचा वास पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ आहे आणि त्याच्या नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

आता विचार करा. ज्याला पळता येत नाही, चावता येत नाही, ज्याच्या अंगावर कवच नाही, असा प्राणी इतकी वर्षे टिकला कसा? माशांनी त्याला केव्हाच खाऊन टाकावयास हवे होते. स्पंज जगला तो मुख्यतः रसायनांच्या बळावर. शत्रूला कडू लागेल, शेजारून अंगावर वाढू पाहणाऱ्याची वाढ खुंटेल, अशी द्रव्ये त्याच्या शरीरात असतात. त्यांतील पुष्कळशी द्रव्ये तो एकटा बनवीत नाही. त्याच्या शरीरात सूक्ष्मजीवांच्या वसाहती असतात आणि काही स्पंजांत वजनाचा तिसरा हिस्सा या बिऱ्हाडकरूंचाच असतो. दुबळ्यांनी एकत्र राहून स्वतःचे रक्षण करावे, हे आम्ही फाटकावरच्या सभांत सांगतो. स्पंज ते आमच्या फार आधीपासून करीत आला आहे.

औषधाच्या आधी स्पंजाचा व्यापार होता, आणि त्या व्यापाराचाही एक कामगार-इतिहास आहे. ग्रीस देशातील कालिम्नोस बेटावरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या श्वास कोंडून समुद्रात उतरत आणि स्पंज कापून आणीत. १८६० च्या दशकात नळीने हवा पुरविणारा पाणबुड्यांचा पोशाख तेथे आला. माणूस अधिक खोल जाऊ लागला, अधिक वेळ राहू लागला. मालकांचा माल वाढला. परंतु खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे सुटतात, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. कित्येक तरुण मेले, कित्येक जन्माचे लुळे झाले. किती खोलीवरून किती सावकाश वर यावे याचे शास्त्रशुद्ध कोष्टक हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केले, तोपर्यंत ही किंमत पाणबुड्यांनीच मोजली. १९०५ पासून ग्रीक पाणबुडे अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर टार्पन स्प्रिंग्ज येथे येऊन वसले. आपली पुढील कथा त्याच फ्लोरिडाच्या समुद्रात घडते.

१९४५ साल. येल विद्यापीठातील जर्मन वंशाचे रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन फ्लोरिडातील एलियट की या बेटाजवळच्या उथळ समुद्रात स्पंज गोळा करीत होते. कर्करोगाचे औषध शोधावे असा त्यांचा हेतू नव्हता. सागरी प्राण्यांच्या शरीरातील स्निग्ध द्रव्यांचा अभ्यास हे त्यांचे काम. त्यांना एक स्पंज मिळाला, ज्याची शास्त्रात तोवर नोंदच नव्हती. पुढे त्याचे नामकरण क्रिप्टोटेथिया क्रिप्टा असे झाले. तो वाळवून त्यांनी ॲसिटोनमध्ये उकळला, तेव्हा भांड्यात सुरेख स्फटिक जमू लागले. स्निग्ध द्रव्ये अशी वागत नाहीत. दुसरा एखादा ते स्फटिक बाजूला सारून आपल्या कामास लागला असता. बर्गमन आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट फीनी यांनी त्यांचा पाठपुरावा केला आणि १९५० व १९५१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या द्रव्यांना त्यांनी स्पंजोथायमिडिन आणि स्पंजोयुरिडिन अशी नावे दिली.

त्या द्रव्यांत विशेष काय होते? आपल्या प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा जो लांबलचक धागा असतो, तो ठराविक दुव्यांचा बनलेला असतो. प्रत्येक दुव्यात एक विशिष्ट साखर असते. स्पंजातील दुव्यांत निराळीच साखर निघाली. तिच्यातील अणूंची एक जोडी नेहमीच्या दिशेऐवजी उलट्या दिशेला वळलेली होती. निसर्गात अशा दुव्यांत निराळी साखर असू शकते, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

लेथवर काम केलेल्यास हे चटकन समजेल. एका रांगेत एकमेकांत आवळत जाणारे बोल्ट आहेत असे समजा. त्यांत मी एक असा बोल्ट मिसळला, की जो पुढच्या बाजूने नेहमीसारखाच दिसतो आणि बसतोही, पण मागच्या बाजूचे त्याचे आटे उलटे आहेत. तो रांगेत बसेल. मात्र त्याच्यावर पुढचा बोल्ट बसणार नाही. काम तेथेच अडेल. कर्करोगाची पेशी अविरत विभागत असते, म्हणून तिला नवा धागा सतत विणावा लागतो. हा उलट्या आट्यांचा दुवा तिच्या कामात मिसळला की धागा अपुरा राहतो आणि पेशी मरते. निरोगी पेशींतही ज्या भराभर विभागतात, म्हणजे केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या अस्तरातल्या, रक्त बनविणाऱ्या, त्यांनाही या औषधाचा तडाखा बसतो. त्या मुलीचे केस गळाले आणि तोंडात फोड आले, त्याचे कारण हेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण वर्तमानपत्री लेखांत तिचा नेहमी घोटाळा होतो. सायटॅराबीन हे काही त्या स्पंजातून पिळून काढीत नाहीत. स्पंजाने कल्पना दिली. औषध माणसांनी घडविले. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत वॉलविक, रॉबर्ट्स आणि डेकर यांनी, स्पंजातील द्रव्यांचा हा भाऊबंद कृत्रिम रीतीने तयार केला. १९६१ मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी उंदरांच्या रक्तकर्करोगावर त्याचा गुण येतो हे दाखविले. १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने ते औषध म्हणून मान्य केले. १९७३ मध्ये बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेच्या डॉक्टरांनी सात दिवस हे औषध आणि त्यांपैकी तीन दिवस दुसरे एक औषध अशी पद्धत प्रसिद्ध केली. वॉर्डात आजही 'सात आणि तीन' असे शब्द कानी पडतात, ते त्या पद्धतीचे.

१९४५ पासून १९६९ पर्यंत चोवीस वर्षे झाली. हा आकडा ध्यानात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

दुसरी कथा जपानची. टोकियोच्या दक्षिणेस मिउरा नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील किनाऱ्यावर आढळणाऱ्या हॅलिकाँड्रिया ओकादाई नामक काळ्या स्पंजाचा अभ्यास योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा यांनी केला. त्यांनी ६०० किलो स्पंज जमविला. आपल्या मोंढ्याच्या भाषेत सहा क्विंटल. एवढ्या मालातून त्यांच्या हाती हॅलिकाँड्रिन-बी हे मुख्य द्रव्य आले ते साडेबारा मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणासुद्धा याहून जड असतो. परंतु कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम विलक्षण होता. पेशी विभागताना आपला आनुवंशिक ठेवा दोन बाजूंना ओढण्यासाठी ज्या सूक्ष्म दोऱ्या बांधते, त्या दोऱ्यांची वाढच हे द्रव्य थांबविते. १९८६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

औषध सापडले, पण आणावयाचे कोठून? न्यूझीलंडच्या कैकौरा किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात दुसऱ्या एका स्पंजात तेच द्रव्य मिळाले. १९९० च्या दशकात तेथून एक टन स्पंज काढण्यात आला. त्यातून निघाले सुमारे ३०० मिलिग्रॅम. त्या जातीचा तेथील एकूण साठाच तीनशे टनांच्या घरातला. रोग्यांवरील चाचण्यांनाच कित्येक ग्रॅम हवे. पुढे रोगी हजारोंनी. म्हणजे औषध करावयाचे तर स्पंजाचा वंश संपावयाचा, आणि वंश संपला की औषधही संपावयाचे.

यातून वाट काढली ती हार्वर्ड विद्यापीठातील योशितो किशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९२ मध्ये त्यांनी हा प्रचंड रेणू प्रयोगशाळेत आरंभापासून अखेरपर्यंत बांधून दाखविला. मग एसाय या जपानी कंपनीच्या संशोधकांबरोबर काम करताना आढळले, की रेणूचा सारा गुण त्याच्या अर्ध्या भागातच साठविलेला आहे. त्या अर्ध्या भागावरून एरिब्युलिन हे औषध तयार झाले. ते बनविण्यास ६२ रासायनिक पायऱ्या चढाव्या लागतात. स्पंज मात्र एकही कापावा लागत नाही. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०१० मध्ये. १९८६ ते २०१०, पुन्हा चोवीसच वर्षे! चोवीस वर्षे म्हणजे कामगाराच्या नोकरीची निम्म्याहून अधिक उमर. शोध लागल्याची बातमी एका सकाळी छापून येते. तो रोग्याच्या उशाशी पोहोचेपर्यंत मधे किती जणांच्या आयुष्याची मजुरी खर्ची पडते, ते कोणी छापीत नाही.

'माल थोडा, गरज फार' हा पेच समुद्रापुरता नाही. आपल्या डोंगरातही तो पडलेला आहे. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेस गेले. तेथे मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन, आणि १९७१ मध्ये तालीसपत्राच्या जातीच्या एका अमेरिकन झाडाच्या सालीतून टॅक्सॉल, ही कर्करोगविरोधी द्रव्ये जगापुढे आणली. खानदेशच्या या सुपुत्राचे २०२० मध्ये निधन झाले. कर्करोगाच्या रुग्णालयांत टॅक्सॉलचे नाव रोज घेतले जाते. ते शोधणाऱ्या वाण्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक होते?

पुढे १९७२ मध्ये मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात आढळले, आणि तेही चिनी झाडापेक्षा अधिक प्रमाणात. ज्या उग्र दर्पाच्या झाडाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याला मोल आले. चोरटी तोड सुरू झाली. लाकूड पोत्यांत भरून घाट उतरू लागले. तोडणाऱ्या गरीब माणसाच्या हाती दिवसाची मजुरी, आणि वनखात्याने पकडले तर खटलाही त्याच्याच नावावर. कालिम्नोसचा पाणबुडा आणि सह्याद्रीतला हा तोड्या हे एकाच पंक्तीला बसणारे आहेत. नरक्याचा वंश राहावयाचा तर त्याची लागवड झाली पाहिजे आणि त्या लागवडीचा दाम डोंगरातल्या माणसाच्या पदरी पडला पाहिजे.

मग आपल्या समुद्राचे काय? १९६२ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत भारताच्या वतीने आय. एन. एस. किस्तना या नौकेने भाग घेतला, आणि त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. गोव्यात पणजीजवळ दोना पावला येथे तिचे ठाणे आहे. १९९० नंतर समुद्रातून औषधे शोधण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेबरोबर गोव्याचे शास्त्रज्ञही होते. स्पंज, प्रवाळ, शेवाळ आणावे, अर्क काढावा, तो अलग करावा आणि एकेका भागाची परीक्षा घ्यावी, असे ते चिकाटीचे काम. २००४ मध्ये त्यांनी तामिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावरील जांभळ्या रंगाच्या एका स्पंजातून ब्रोमीनयुक्त अशी नवी द्रव्ये प्रसिद्ध केली. त्या निबंधावरील आडनावे वाचावीत : टिळवी, रॉड्रिग्ज, नाईक, परमेश्वरन, वहिदुल्ला. एका स्पंजाभोवती हा एवढा देश जमला होता. पुढे २०१८ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी याच कुळातील एक द्रव्य कृत्रिम रीतीने बनवून त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर त्याची परीक्षा घेतली.

भारतीय किनाऱ्यावरील स्पंजातून आजवर कर्करोगाचे औषध बाजारात आलेले नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याने कोणी खट्टू होऊ नये, आणि कोणी फुशारकीही मारू नये. आपण आताच दोन वेळा चोवीस वर्षे मोजली. त्या चोवीस वर्षांत प्रयोगशाळेला पैसा लागतो, तिच्यात काम करणाऱ्या तरुणांना कायमची नोकरी लागते, आणि निष्फळ ठरलेल्या प्रयोगाचाही पगार द्यावा लागतो. बर्गमन यांना हवे होते ते मिळाले नाही. जे मिळाले त्याचा उपयोग दुसऱ्यांनी केला. दर तिमाहीला नफा मोजणाऱ्याच्या भरवशावर असे काम होत नाही.

आता त्या वॉर्डात परत जाऊ. सायटॅराबीन हे औषध जुने झाले आहे. त्यावर कोणाची मक्तेदारी उरलेली नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या कारखान्यांना निराळ्या कृतीने औषधे बनविण्याची मोकळीक दिली. त्या बळावर या देशात औषधांचा मोठा उद्योग उभा राहिला. आपल्या चिकलठाण्यात आणि वाळूजमध्येही औषधांचे कारखाने आहेत. सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही या औषधाचे नाव आहे. म्हणजे शास्त्राने आपले काम केले, कायद्याने केले, कारखान्यानेही केले.

तरीही त्या मुलीचे उपचार अडले होते. तिच्या वडिलांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी दरमहा कापली जात होती. कंत्राटदाराने ती भरलीच नव्हती. कागदोपत्री तो माणूस विमेदारच नव्हता. फ्लोरिडाच्या समुद्रातून निघालेले औषध सारे जग ओलांडून त्या खाटेपर्यंत आले आणि शेवटच्या चार हातांवर एका कोऱ्या रकान्यापाशी थांबले. आम्ही पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, अर्ज केले, फाटकावर बसलो. दरम्यान कामगारांनी वर्गणी काढून पहिल्या फेरीचा खर्च भागविला. दोन महिन्यांनी वर्गणी भरली गेली आणि उपचार विम्यातून सुरू झाले. त्याच वॉर्डातील तिच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा मात्र वाचला नाही. त्याचा रोग उशिरा कळला होता. आपल्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाबाहेर कधी सकाळी उभे राहून पाहावे. साऱ्या मराठवाड्यातून आलेली माणसे पिशव्या उशाशी घेऊन तेथे बसलेली असतात. त्यांच्यापैकी कित्येकांचा विमाही नाही आणि संघटनाही नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की औषधाचा इतिहास शोधकाच्या नावाशी संपवू नये. त्यात स्पंज कापणारा पाणबुडा आहे, ६२ पायऱ्या चढणारा रसायनज्ञ आहे, कुपी भरणारी कारखान्यातली बाई आहे, रात्रपाळीची परिचारिका आहे, आणि विम्याच्या रकान्यात आकडा भरणारा कारकूनसुद्धा आहे. या साखळीतला कोणताही एक दुवा उलट्या आट्यांचा निघाला, की पुढचे सारे काम अडते. पेशीच्या बाबतीत ते आपल्याला हवे असते. समाजाच्या बाबतीत ते आपण चालू देता कामा नये.

त्या गृहस्थांना मी सारे वाचून झाल्यावर उत्तर दिले. म्हणालो, "समुद्रात एक प्राणी असतो, खडकाला चिकटलेला. त्याच्याकडून माणसं शिकली अन् त्यांनी हे बनवलं." त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्याला मारावं लागतं का?" मी म्हटले, "आता नाही लागत." ते म्हणाले, "मग बरंय."

मुलगी यंदा दहावीच्या परीक्षेला बसली. शास्त्र विषयाचा पेपर सोपा गेला म्हणते.